बिनपूजेच्या तीन बसगाड्या

(शालन पाटील, शाळेच्या बसमधल्या मावशी, गडमुडशिंगी. त्या बोलल्या तसं लिहून घेतलं आहे.)

माझं माहेर नेसरी. गडहिंग्लज तालुक्यातली. तितनं कर्नाटक जवळ, म्हणून आमी आईला अव्वा म्हणायचो. घरात आमी चार भावंडं, मी शेंडेफळ, आन जोंधळं हुरड्यात आलं की पाखरं हाकायला मला माळ्यावर उभं करायची, तवापासनं माझा आवाज ह्यो आसा हाय. हळू बोलायला मला येतच न्हाय. शाळा सातवीपातूर शिकलो. आता तुमी म्हणशीला बाई आसून ही शिकलो, गेलो काय म्हणतीया, तर पावणं, आमच्याकडं बायकाबी आलो-गेलोच म्हणत्यात, ते तसंच लिवा, उगं दुरुस्त करत बसू नका.

लगीन करून मुडशिंगीत आलो. आमचं मालक फौंड्रीत, भट्टीवर. लोखंडाचं पाणी करायचं आन साच्यात वतायचं, आक्की हयात त्यातच गेली. बोलणं कमी, पर बोलतील ते तोलून. दोन पोरी झाल्या, त्या लग्नं करून दिल्या, आन मग घर खायला उठलं. तवा मगदूमअण्णांनी, म्हंजे शाळेला बसा पुरवत्यात ते, निरोप धाडला की बसमधी एक बाईमाणूस पायजे, पोरांना चढवा-उतरवायला. म्हटलं येतो. त्याला आता आठ वर्सं झाली बगा.

काम काय, तर दिसायला काय न्हाय आन करायला गेलं तर लई. कुणाला गाडी लागती, कुणाची आजी दारात यायला उशीर करती, कोण डबा न खाता शेजारणीला देतंय, कुणाला झोप लागली की उठवायचं, हे सगळं ध्यानात ठेवायला लागतंय. पोर उतरलं आन त्याच्या माणसाचा हात त्याच्या हातात गेला की मगच मी मामास्नी चला म्हणतो. मामा म्हंजे दस्तगीरमामा, आमचं ड्रायव्हर. तीस वर्सं गाडी चालवत्यात, कुणाला धक्का लागला न्हाय. मला शालूबाई म्हणत्यात आन ईदला शिरखुर्मा घेऊन येत्यात.

तर झालं काय, अण्णांनी पाडव्याला नवी कोरी बस आणली. पिवळीजर्द. मी घरनं ताट घिऊन गेलतो, नारळ, हळदकुंकू, फुलं. आमच्यात गाडी आणली आन पूजा न्हाय केली आसं कवा हुतंच न्हाई की. मामांनी सोताच्या हातानं लिंबू-मिरची बांधली, आन ते मुसलमान, तवा बाकीच्यांचं काय सांगू तुम्हाला. आता त्या बसला दारं तीन. पोरांचं पुढलं डावीकडचं, मामांचं उजवीकडचं, आन पाठीमागं एक, लाल अक्षरात लिवल्यालं, संकटाच्या येळंला बाहीर पडायचं दार. माझ्या मनात आलं, दोन दारांना कुंकू लावायचं आन हे तिसरं काय पाप केलंय? उलट संकटाचं दार, त्याला तर आधी लावाय पायजे. म्हणून मी आतल्या हँडलाला दोन्ही हातानं भरून हळदकुंकू लावलं, वर नारळाचं पाणी शिपडलं. मोठ्या हौसेनं केलं बगा.

पावसाळा सरत आला. गणपती बसलं. गौरी गेल्या, सुट्टी संपली, शाळा परत सुरू झाली, आन त्यावर दोन दिसांनी ती गोष्ट घडली. भादव्याचं ऊन. ते ऊन काय आसतंय ते आमच्या हिकडच्याला इचारा, पाऊस उघडून चार दिस झाल्यालं आसत्यात आन डोसक्यावर नुसता जाळ. दुपारी शाळा सुटली तवा बस मैदानात दोन तास उभी हुती, आत पाय ठेवला तर शीट चटकं देत हुतं. बावीस पोरं बसवली. मुडशिंगीच्या अलीकडं रस्ता अरुंद, समोरनं एक डंपर आला, त्यानं काय बाजू दिली न्हाय, मामांनी गाडी डावीकडं घेतली, आन पावसानं भिजल्याली साईडपट्टी चाकाखालनं ढासळली. बस हळूच कलांडली. जोरात न्हाय, हळूच, म्हसरू बसतंय तशी. आन चराच्या बांधाला टेकून ऱ्हायली. पोरांचं दार बांधाला चिकाटल्यालं, ते काय उघडणार. आन पुढनं, मामांच्या पायापासनं, धूर यायला लागला.

पोरं वरडाय लागली. मी म्हटलं गप, कुणी रडायचं न्हाय, सगळ्यांनी माझ्या मागं या. पाठीमागच्या दाराला गेलो आन हँडल वढलं. हलंना. दोन्ही हातानं वढलं. हलंना. पाय दाराला लावून वढलं, माझ्या हातातल्या बांगड्या फुटल्या, रगात आलं, पर ते दार काय दाद देईना. धूर वाढाय लागल्याला. पहिलीतली श्रावणी म्हणून पोरगी हाय, तिनं माझा पदर धरला आन म्हणाली, मावशी, दार उघड की. काय सांगू तुम्हाला पावणं, ते वाक्य माझ्या कानातनं अजून गेलं न्हाय. मी देवाचं नावसुदिक घेतलं न्हाई, येळच न्हवता. तवर मामा आपल्या दारातनं उडी मारून, पळत पाठीमागं आलं, आन त्यांनी बाहीरनं हँडल फिरवलं तर दार खाटकन उघडलं. एकेक पोर मी उचलून मामांच्या हातात दिलं. बावीसच्या बावीस. कुणाला खरचटलंबी न्हाई. धूर वायरीचा हुता, शेतातल्या गड्यांनी माती टाकून इझवला.

आता ह्यात माझा काय गुन्हा? पर दुसऱ्या दिशी शाळेत पालकांची सभा, आन तितं एक जण उठला, म्हणाला दार तर बाहीरनं एका हातानं उघडलं, म्हंजे दार बरं हाय, ह्या बाईच घाबरल्या, असली घाबरट बाई आमच्या पोरांसंगं कशाला? मी म्हटलं घाबरलो न्हाय, आतनं ते उघडतच न्हवतं. हेडबाईंनी म्हटलं, शालनताई, आपण कंपनीचा माणूस बोलवू, तो सांगेल.

कंपनीचा साहेब आला पुण्याहनं. तरणा पोरगा, गळ्यात पट्टा, हातात टॅब. सकाळी नवाला अण्णांच्या आवारात आला. सगळ्यांच्या म्होरं आत गेला, हँडल वढलं, आन दार उघडलं. एकदा न्हाय, चारदा उघडून दावलं. मग त्यानं लॉकचा डबा खोलला, आन आतनं काय निघालं तर माझं कुंकू. पाणी लागून घट्ट झाल्यालं, लाल ढेकूळ. त्यानं ते कागदावर घेतलं, सगळ्यांना दावलं आन इचारलं, हे कुणी घातलंय? मी म्हटलं मी. तो म्हणाला मावशी, हे यंत्र आहे, देव नाही. लोक हसलं. आन त्यानं टॅबवर लिवून टाकलं की वापरणाऱ्याची चूक, कंपनीचा दोष न्हाय.

हसलं त्याचं मला काय वाटलं न्हाय. पर मला ते खरं वाटलं. आपल्याच हातानं आपण बावीस पोरांच्या जिवावर उठलो आसं वाटलं. अण्णांना सांगितलं, मी उद्यापासनं येत न्हाय. दोन दिस घरात बसून हुतो, अन्न गोड लागंना. श्रावणीची आजी येऊन म्हणाली, आगं तू हुतीस म्हणून पोरं सरळ आली, तरी माझं मन काय ऐकंना.

तिसऱ्या दिशी आमचं मालक जेवता जेवता म्हणालं, तू वढलंस तवा वाजलं किती हुतं? म्हटलं अडीच. आन सायबानं वढलं तवा? म्हटलं नऊ, सव्वानऊ. तर म्हणालं, मग त्यानं सकाळचं दार उघडलंय आन तू दुपारचं वढलंस, ती दोन दारं एक न्हवंत. लोखंड आसू दे न्हाय तर प्लास्टिक, ऊन खाल्लं की फुगतंयच, आन जागा आवळ बनीवली आसंल तर जाम हुणारच. कुंकू सकाळीबी तितंच हुतं की, मग सकाळी का उघडलं? आन परत खाली मान घालून भाकरी चुराय लागलं. आठ दिसाचं माझं वझं ह्या माणसानं एका भाकरीत उतरवलं बगा.

तडक उठलो, अण्णांच्या आवारात गेलो. बस चरातनं काढून तितं लावल्याली. रॉकेल घेतलं, जुना दाताचा बुरुश घेतला, आन त्या लॉकातनं कुंकवाचा कणन् कण काढला, पुसलं, तेल घातलं. दुसऱ्या दिशी सकाळी वढलं तर उघडलं. मग गाडी उनात लावली, काचा बंद केल्या, आन मी आन मामा लिंबाखाली बसून ऱ्हायलो. अडीचला आत गेलो. वढलं. हलंना! मला लई आनंद झाला, वाईट गोष्ट हाय पर झाला. मामांनी वढलं, त्यांनाबी हलंना. मग मी कळशीभर गार पाणी त्या हँडलावर वतलं, जरा येळ थांबलो, आन वढलं, उघडलं. मामा म्हणालं, या अल्ला, शालूबाई, तू डॉक्टर हाईस. अण्णांना बोलवून सगळं परत करून दावलं. अण्णा देवधर्माचं माणूस, रात्रीचं जेवत न्हाईत, मुंगी मारत न्हाईत, ते दारात बसलं आन म्हणालं, आगं ह्याच गाड्या किती शाळांच्या आसतील? मी म्हटलं तेच तर म्हणतोय.

अण्णांनी कंपनीला फोन लावला. तो साहेब म्हणाला, त्या लॉकमधी एकदा कुंकू गेलं, ते आता खराबच धरायचं, त्याच्यावरनं कायबी सिद्ध हुत न्हाय. दुसऱ्या गाडीचं दावा. दुसऱ्या शाळेची दावतो म्हटलं तर म्हणाला, तिलाबी तुमी लोकांनी पूजा घातलीच आसंल. आन पावणं, ते खरंच हुतं की! कोल्हापुरात बिनपूजेची गाडी आणायची कुठनं? सायकल घेतली तरी आमी नारळ फोडतो. मामा चार गॅरेजला फिरून आलं, एक गाडी गावंना. मी म्हटलं, आता काय करायचं, आपल्या भक्तीनंच आपलं तोंड बांधलं.

तवर गणपती गेलं, पितरपंधरवडा लागला. आमच्या मामंजींचा म्हाळ, म्हंजे श्राद्ध, हुता. मी वडं तळत बसलतो आन शेजारची सुलाबाई पुरणाला मदत करत हुती, बोलता बोलता म्हणाली, आमच्या थोरल्यानं गाडी घेतलीया, पैसं भरल्यात, पर पितरात कोण गाडी घरी आणतंय व्हय, दसऱ्याला आणणार, तवर शोरूमलाच हुबी हाय. तिनं आसं म्हटलं आन माझ्या हातातला झारा तसाच ऱ्हायला. म्हटलं सुले, ती गाडी बिनपूजेचीच उभी आसंल की गं? ती म्हणाली मग? ताब्यात घेतल्याबगर कोण पूजा करतंय? मी वड्याचं काम तिच्यावर टाकलं आन अण्णांच्या घराकडं पळालो. पितरं त्या दिशी काय खाऊन गेली ते मला ठावं न्हाय, पर वाट त्यांनीच दावली आसं मी म्हणतो.

शिरोलीच्या बाजूला त्या कंपनीचं मोठं शोरूम हाय. अण्णांनी चौकशी केली तर आमच्यासारख्याच तीन नव्या बसा तितं उभ्या, शिटांवरचा प्लास्टिक कागदबी काढला न्हवता, दसऱ्याच्या मुहूर्ताची वाट बघत. अण्णांनी सायबाला सांगितलं, या, तुमच्याच दारात तुमचीच गाडी, हळद न्हाय, कुंकू न्हाय, आता काय म्हणतासा? तेला यावंच लागलं. हेडबाई आल्या, सभेत मला घाबरट म्हणणारा तो पालकबी आला.

साहेब अकराला आला आन म्हणाला चला, उघडतो. मी आडवी झालो. म्हटलं साहेब, आता न्हाय. अडीच वाजूंद्यात. तो म्हणाला मला परत पुण्याला जायचंय. म्हटलं जावा की, कोण धरून ठेवणार हाय, पर आमची पोरं अडीचला बसमधी आसत्यात, अकराला न्हाय. त्यानं हेडबाईंकडं बघितलं, हेडबाई म्हणाल्या, बसू या. मग आमी सगळी शोरूमच्या गारव्यात बसलो. मी घरनं भाकरी आन मिरचीचा खरडा नेलता, सायबालाबी दिला, त्यानं पहिला घास खाल्ला आन डोळ्यातनं पाणी काढलं, तरी अर्धी भाकरी खाल्ली. पोरगं वाईट न्हवतं.

अडीच वाजलं. म्हटलं साहेब, तुमी सोता आत जावा, बाकी कुणी न्हाय. पहिल्या बसमधी गेला, आमी बाहीरनं दार लावलं, त्यानं आतनं वढलं, आन दार उघडलं. सरळ. त्या पालकानं घसा खाकरला. मी डोळं मिटलं, आन उघडलं तर पायाशी सावली दिसली. वर बघितलं तर त्या बसच्या मागल्या अंगावर शेडचा पत्रा आल्याला. मी वरडलो, ही सावलीतली हाय! ती दुसरी घ्या, उनातली घ्या! माझा आवाज आसा हाय, रस्त्यावरची माणसं थांबली.

दुसऱ्या बसमधी गेला. दार लावलं. आतनं वढायचा आवाज आला. परत आला. काचंतनं दिसत हुतं, त्यानं टॅब खाली ठेवला, दोन्ही हातानं धरलं, मग माझ्यासारखाच पाय लावला. घामानं निथळाय लागल्याला. दार गप्प. मी काचंजवळ गेलो आन इचारलं, साहेब, उघडू का? तेनं मान डोलावली. मी बाहीरनं एका हातानं फिरवलं, खाटकन उघडलं. तो खाली उतरला, कुणाकडं बघितलं न्हाय, तसाच तिसऱ्या बसमधी जाऊन बसला. तिथंबी त्येच. तिसऱ्यांदा दार उघडलं तवा त्यानं माझ्या म्होरं येऊन हात जोडलं. म्हणाला, मावशी, माझं चुकलं, मी वेळ बघितलीच नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाला. मी म्हटलं आसू दे लेकरा, पर आता जे लिवशील ते नीट लिव. आन तो पालक आला, म्हणाला मावशी, पाणी घ्या. मी पाणी घेतलं आन पिलो.

त्यानं नीट लिवलं. तितंच बसून लिवलं, फोटू काढलं, तिन्ही लॉकं खोलली. आत एक प्लास्टिकचं बूच निघालं, बोटाच्या पेराएवढं, ते उनानं फुगून आतल्या हँडलाच्या दांडीला आवळत हुतं, बाहीरच्या हँडलाची दांडी येगळी. मालकांनी भाकरी चुरत सांगितल्यालं तसंच. मग काय दिस गेलं, दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, आन शाळेत कंपनीचं पत्र आलं. हेडबाईंनी मला हाफिसात बोलवून वाचून दावलं. त्याला रिकॉल म्हणत्यात. म्हंजे इकल्याला माल कंपनीनं आपणहून परत बोलवायचा आन फुकट दुरुस्त करून द्यायचा. त्या बनावटीच्या जेवढ्या बसा जितं जितं गेल्यात, तेवढ्या सगळ्या. नुसत्या आमच्या कोल्हापूरच्या न्हाईत, पार लांबलांबच्या जिल्ह्यातल्या. कुठल्या कुठल्या गावची पोरं, त्यांची नावं मला ठावं न्हाईत, त्यांना माझं ठावं न्हाय. हेडबाईंनी कागद खाली ठेवला आन म्हणाल्या, शालनताई, हे तुम्ही केलंत. मी तितंच खुर्चीत बसून रडलो. सभेत रडलो न्हवतो, बस कलांडली तवा रडलो न्हवतो, ते सगळं तवा आलं.

बसा लॉक बदलायला आल्या तवा शोरूमला जत्रा भरल्यागत झालतं. सांगलीच्या, साताऱ्याच्या, पिवळ्या गाड्यांची रांग. तोच साहेब हुता. आमच्या बसला नवं लोखंडी लॉक बसवलं, गाडी उनात लावली, आन अडीच वाजूपातूर कुणालाच हात लावू दिला न्हाय. मग मला म्हणाला, पहिलं तुम्ही ओढा. मी आत गेलो. वढलं. एका बोटानं उघडलं पावणं, एका बोटानं! मामांनी हॉर्न दाबला, त्याचं बघून दुसऱ्यानं दाबला, मग सगळ्या रांगेनं दाबला. आमचं मालक तितं रजा टाकून आलतं, कवा न्हाई ते हसलं. अण्णांनी पेढं वाटलं. फोटूत मी मधी हाय, हाफिसात लावलाय, बघून जावा.

आता म्हणशीला पुढं काय. पुढं काय न्हाय, काम हाय तेच हाय. सकाळी साडेसहाला बस, दुपारी अडीचला परत. गुडघं दुखत्यात, पोरी म्हणत्यात बस कर आई, पर अजून दोन-चार वर्सं करीन म्हणतो. एक नेम मात्र मी घातलाय, आन हेडबाईंनी तो सगळ्या बसांना लावलाय. म्हयन्यातनं एकदा, शाळा सुटल्यावर, भर उनात, मी पाठीमागं खाली उभी ऱ्हातो आन आतनं पोरांनी दार उघडायचं. मोठ्यांनी न्हाय, पोरांनी. पाळीपाळीनं. परवा श्रावणीची पाळी हुती. ती आता तिसरीत हाय. तिनं हँडल वढलं, दार उघडलं, आन वरनंच म्हणाली, मावशी, बघ, मीच उघडलं! आन मारली उडी माझ्या अंगावर. बसंल तेवढं जोरात बसली, कंबर धरली माझी. तिच्या मागनं एकवीस जणांनी उड्या मारल्या.

तुमच्या घरचं कुणी बसनं शाळंला जात आसंल तर एकदा दुपारच्याला जाऊन, आत बसून, ते दार आपल्या हातानं वढून बघा, कुणी हसलं तर हसू द्या. आन जाताना चा घिऊन जावा. सगळ्यांची पोरं दिस मावळायच्या आत आपापल्या उंबऱ्याला लागू देत, आनि काय मागायचं माणसानं.